दिल्लीत सिनेमाचे शिक्षण: फी कशी भागते, राहण्याचे काय आणि अर्ज कोणत्या राज्याकडे करायचा

सिनेमा शिकणे हा पैसेवाल्यांचा नाद आहे, असा समज अनेक घरांत असतो. नोएडाच्या फिल्म सिटी परिसरातील खासगी संस्थांची फी विचारून आले की तो आणखी पक्का होतो. पण दिल्लीत सिनेमा शिकवणारी सरकारी विद्यापीठेही आहेत. वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असलेल्या राखीव प्रवर्गातील कुटुंबांना तेथील फीसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आधार मिळू शकतो. गाडी अडते ती दुसरीकडेच. एक तर अर्ज चुकीच्या राज्याकडे जातो, नाहीतर राहण्याच्या खर्चाचा हिशेब आधी कोणी मांडलेला नसतो.

कुठे काय शिकवतात

जामिया मिल्लिया इस्लामियामधील ए.जे.के. मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर १९८२ मध्ये सुरू झाले. तेथील दोन वर्षांच्या एम.ए. मास कम्युनिकेशनमध्ये कॅमेरा, ध्वनी, संकलन, लेखन अशी कामे विद्यार्थ्याला स्वतः करावी लागतात. माहितीपटांसाठी हे केंद्र विशेष ओळखले जाते. दिग्दर्शक कबीर खान येथेच शिकले. प्रवेशासाठी जामियाची स्वतःची परीक्षा आणि मुलाखत असते. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. जामियाला २०११ मध्ये अल्पसंख्याक संस्थेचा दर्जा मिळाला, त्यामुळे तेथील जागांची वाटणी इतर केंद्रीय विद्यापीठांसारखी नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा असतील असे गृहीत धरू नका. शिष्यवृत्तीचा हक्क मात्र त्यामुळे जात नाही.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्समध्ये सिनेमाचा इतिहास आणि सिद्धान्त शिकवतात. येथे कॅमेरा हाती मिळेल या अपेक्षेने जाऊ नका. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ किंवा प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ कसा घडला, कोणी पाहिला, त्यातून समाजाबद्दल काय कळते, अशा प्रश्नांचा हा अभ्यास आहे. पुढे अध्यापन, संशोधन, समीक्षा किंवा चित्रपट जतनाच्या कामाकडे जाता येते. प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतो. शिकवणी फी देशातील सर्वांत कमी फींपैकी आहे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी वाचनाची तयारी आधी वर्षभर तरी करावी, कारण फीपेक्षा जड जाते ते हेच.

दिल्ली सरकारच्या डॉ. बी. आर. आंबेडकर विद्यापीठातही चित्रपट अभ्यासाचे एम.ए. आहे. तेथे ८५ टक्के जागा दिल्लीच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी याकडे जरूर पाहावे.

शिष्यवृत्तीत काय मिळते

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत दोन भाग आहेत. पहिला म्हणजे परत न मिळणारी सक्तीची फी. अनामत रक्कम यात धरत नाहीत, ती घरूनच भरावी लागते. दुसरा भाग शैक्षणिक भत्ता. एम.ए. आणि मास कम्युनिकेशन हे अभ्यासक्रम दुसऱ्या गटात येतात. या गटात वसतिगृहात राहणाऱ्यांना वर्षाला ९,५०० रुपये आणि इतरांना ६,५०० रुपये मिळतात. रक्कम आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते.

९,५०० रुपये म्हणजे महिन्याला ८०० रुपयेही होत नाहीत. दिल्लीत तेवढ्यात खोली सोडा, महिन्याचे जेवणही होत नाही. म्हणून संस्था निवडताना फीआधी वसतिगृहाची चौकशी करा. प्रवेश निश्चित झाला की त्याच दिवशी वसतिगृहाचाही अर्ज भरा. जेएनयूमध्ये उत्पन्न आणि गुण पाहून दिली जाणारी विद्यापीठाची वेगळी शिष्यवृत्तीही आहे. ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबरोबर घेता येते का, हे अर्जापूर्वी विद्यापीठात विचारा.

प्रवेशाच्या वेळी भरायला पैसे नसतील तर ‘फ्रीशिप कार्ड’ मागा. आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा यासाठीच ही सोय केली आहे. शिष्यवृत्ती खात्यात आल्यावर फी संस्थेकडे भरायची असते. ही रक्कम घरखर्चात गेली तर पुढच्या सत्राला अडचण होते.

ओबीसी, आर्थिकदृष्ट्या मागास आणि विमुक्त-भटक्या जमातींसाठी पीएम-यशस्वी योजना आहे, तर अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. दोन्हींच्या केंद्रीय नियमांत उत्पन्नमर्यादा अडीच लाखच आहे. रकमा वेगळ्या आहेत.

कोणते राज्य?

शिष्यवृत्ती देते ते तुमचे मूळ राज्य. कॉलेज दिल्लीत आहे म्हणून दिल्ली सरकारकडे अर्ज करू नका. बीड किंवा सोलापूरचा विद्यार्थी जेएनयूत शिकत असला तरी त्याचा अर्ज महाराष्ट्राकडे, म्हणजे महाडीबीटीवर. अडचण आली तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण कार्यालयात विचारा. घरचे कोणी विट्या-खानापूरकडून गलाईच्या कामाला दिल्लीत आले आणि मुले येथेच वाढली, असे असेल तर आधी जातीचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा कोणत्या राज्याचा आहे ते पाहा. दोन्ही राज्यांत अर्ज भरून ‘जिथे मिळेल तिथे’ असे करू नका. अर्ज दुबार ठरून अडकतो.

खासगी संस्था आणि कर्ज

खासगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारा: हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा आहे? संस्थेने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही, मग आतला स्टुडिओ कितीही चकचकीत असो.

शिष्यवृत्तीत न बसणाऱ्यांसाठी पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याजसवलतीचा लाभ मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे. ३ लाखांच्या कर्जावर ही सवलत वर्षाला सुमारे ९,००० रुपये होते. उरलेले व्याज तुमचेच.

दिल्लीच गाठली पाहिजे असेही नाही. पुण्याची एफटीआयआय १९६० पासून प्रभात स्टुडिओच्या जागेत आहे. ‘पिस्तुल्या’ या लघुपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे नागराज मंजुळे तर अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकले.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला प्रवेश परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. बँकेत जाऊन खाते आधारशी जोडले आहे ना, तेही त्याच फेरीत तपासून घ्या.