चीनच्या प्रादेशिक आर्थिक विकासाचा अभ्यासदौरा : दोन पूर्वानुभव

प्रस्तावना

चीनच्या किनारी प्रांतांचा वेगवान विकास हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या परदेशी अभ्यासदौऱ्यांचा आकर्षक विषय ठरला आहे. अशा दौऱ्यातून नेमके काय शिकता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात दोन पूर्वानुभवांच्या आधारे केले आहे.

१९५६ चे शिष्टमंडळ

चीनमधील कृषी सहकारी संस्थांचा अभ्यास करण्यासाठी भारताने १९५६ मध्ये एक शिष्टमंडळ पाठविले. नागपूरचे रा. कृ. पाटील हे त्याचे प्रमुख होते. शिष्टमंडळाने सहकारी शेतीच्या प्रयोगाची शिफारस केली. मात्र दोन सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडून असहमती नोंदविली. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव संमत झाला. त्याच सुमारास चीनमध्ये १९५८ च्या कम्यूननंतरचा भीषण दुष्काळ सुरू झाला होता. यजमानांनी दाखविलेल्या संस्था म्हणजे संपूर्ण व्यवस्था नव्हे, हा यातील पहिला धडा होय.

विशेष आर्थिक क्षेत्रे

अंधेरीतील सीप्झ १९७३ मध्ये स्थापन झाले. शेनझेन विशेष आर्थिक क्षेत्र १९८० मध्ये. म्हणजे कल्पना आपल्याकडेही होती. परंतु सीप्झचे क्षेत्र सुमारे १०० एकर, तर शेनझेनचे ३२७.५ चौ. कि. मी. होते. चिनी क्षेत्रांच्या पाहणीनंतर तत्कालीन वाणिज्यमंत्री मुरासोली मारन यांनी २००० मध्ये नवे धोरण जाहीर केले व २००५ मध्ये कायदा झाला. तथापि रायगड जिल्ह्यातील महामुंबई प्रकल्पास शेतकऱ्यांचा तीव्र विरोध झाला. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत त्यांचे मत अजमावण्यात आले. प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही.

याचे कारण जमिनीच्या मालकीत आहे. चीनमध्ये शहरी जमीन राज्यसंस्थेची, तर ग्रामीण जमीन समूहाची असते. स्थानिक शासन समूहाची जमीन ताब्यात घेऊन वापरहक्क विकते व त्या उत्पन्नातून रस्ते, बंदरे उभारते. शेनझेनमध्ये अशा हक्काचा जाहीर लिलाव डिसेंबर १९८७ मध्ये झाला. शिवाय हुकौ या कुटुंबनोंदणी पद्धतीमुळे स्थलांतरित कामगारांना शहरातील अनेक सुविधा नाकारल्या गेल्या. विकासाचा काही खर्च त्यांनीच सोसला. पेणच्या शेतकऱ्याच्या हाती मात्र स्वतःच्या नावाचा सातबारा होता. क्षेत्राचा आराखडा आणता आला, त्यामागील मालकीव्यवस्था आणता येणे शक्य नव्हते. आणि ती आणणे इष्टही नव्हते.

समारोप

सारांश, अभ्यासदौऱ्याची पूर्वतयारी घरापासून व्हावी. कांजूरमार्गहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने सीप्झ जवळच आहे. प्रथम तेथील व पेणमधील अनुभव अभ्यासावा. त्यानंतर चीनमध्ये तीन प्रश्न विचारावेत : जमीन कोणाची होती, पैसा कोठून आला आणि किंमत कोणी मोजली? अहवालात भिन्नमतास स्थान असावे. या प्रश्नांविना केलेला दौरा केवळ पर्यटन ठरेल.