लिनक्स संगणकाची आरंभप्रक्रिया : बदल आणि सावधगिरी

प्रस्तुत लेखात डेबियन लिनक्सच्या आरंभप्रक्रियेत सुरक्षितपणे बदल कसा करावा, याचे विवेचन केले आहे. संगणक सुरू होताच फर्मवेअर 'ग्रब' या बूट लोडरकडे सूत्रे सोपविते. ग्रब कर्नलला स्मृतीत आणतो आणि कर्नल पहिली प्रक्रिया सुरू करतो. २०१५ मधील डेबियन ८ पासून ही प्रक्रिया सर्वसाधारणपणे 'सिस्टमडी' असते.

'ग्रब डॉट सीएफजी' या फाईलमध्ये थेट बदल करणे ही नेहमीची चूक होय. ही फाईल आपोआप तयार होत असल्याने कर्नलच्या पुढील अद्ययावतीकरणात तो बदल पुसला जातो. मेनूचा प्रतीक्षाकाळ, कर्नलला द्यावयाच्या सूचना इत्यादी बाबी 'ईटीसी'मधील 'डिफॉल्ट' या निर्देशिकेतील 'ग्रब' फाईलमध्ये नोंदवून 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी लागते.

तथापि चुकीची सूचना कायम झाल्यास संगणक सुरूच होत नाही. प्रयोगशाळेत तर एकाच वेळी अनेक यंत्रे अडू शकतात. म्हणून ग्रबच्या मेनूत 'ई' ही कळ दाबून नवी सूचना प्रथम एका आरंभापुरती तपासावी. हा बदल साठविला जात नाही. यंत्र अडले तरी ते पुन्हा सुरू करताच पूर्वस्थिती लाभते. सारांश, आधी तात्पुरती परीक्षा आणि नंतर कायमची नोंद, हाच क्रम श्रेयस्कर ठरतो.