घोरणे आणि पायांच्या मुंग्या

अब्बा घोरू लागले की आम्ही भावंडे हसायचो. "बघा, किती गाढ झोप लागली आहे," असे अम्मीही म्हणायची. मध्येच घोरणे थांबे, घर शांत होई आणि मग ते एकदम धाप लागल्यासारखा श्वास घेत. त्या शांततेकडे आम्ही कधी लक्षच दिले नाही.

पुढे अब्बांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. साखर आहे, वय झाले, असे म्हणून आम्ही तेल चोळत राहिलो. डॉक्टरांनी मात्र अम्मीला विचारले, "झोपेत यांचा श्वास थांबतो का?"

या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अडतो. तासाला 30 किंवा त्याहून जास्त वेळा असे होत असेल तर आजार तीव्र समजतात. प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू घटतो आणि पुन्हा वाढतो.

हातापायांच्या नसांना अतिशय बारीक रक्तवाहिन्यांतून प्राणवायू मिळतो. रोज रात्री होणारी ही ओढाताण त्यांना सोसत नाही. पायांच्या नसा सर्वांत लांब, म्हणून तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते. अशा रुग्णांच्या पोटरीतील नसेची विजेची तपासणी केली असता तिचा संदेश क्षीण झालेला संशोधकांना आढळला आहे. सोबत मधुमेह असेल तर नसांवर दुहेरी भार पडतो.

उपाय आहे. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवण्याची पद्धत जगापुढे मांडली. तेच सीपॅप यंत्र. त्याच्या नियमित वापरानंतर काही रुग्णांत नसांचे काम सुधारलेलेही दिसले आहे. वजन कमी करणे आणि कुशीवर झोपणे यांचाही अनेकांना फायदा होतो.

मुंग्या येण्यामागे बी-12 ची कमतरता किंवा थायरॉइडही असू शकतो. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत.

अब्बांच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत; आम्ही उशीर केला. घोरणाऱ्याला स्वतःचा श्वास थांबलेला कळत नाही, तो शेजारी झोपणाऱ्यालाच कळतो. तेव्हा आज रात्री घरातल्या घोरण्यावर हसण्याआधी थोडा वेळ कान देऊन ऐका.