चाकांवरचं घर

नाशिकचा कांदा ट्रकनं दिल्लीला जातो. वाट हजार किलोमीटरहून लांब! मग ड्रायव्हरकाका झोपतात कुठं? अहो, केबिनमध्येच!

सीटच्या मागं एक अरुंद फळी. तिच्यावर पातळशी गादी टाकली, की झाला पलंग! क्लीनरदादा सीटवरच अंग मुडपून पडतो. आंघोळ ढाब्यावरच्या हौदाशी. बहुतेक ट्रकांत इंजिन केबिनखालीच असतं, त्यामुळे उन्हाळ्यात आत नुसती भट्टी! त्यात डिझेल, माल चोरीला जाईल ही धास्ती. डोळे मिटले तरी कान जागेच.

अशी अर्धवट झोप झाली, की स्टिअरिंगवर डुलकी लागते. आता एक गणित करा बरं! ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारा ट्रक ३ सेकंदांत किती पुढं जाईल? ५० मीटर! म्हणजे तेवढ्या डुलकीत ५० मीटर ट्रक वाऱ्यावर! म्हणून काकांची झोप ही आपल्या सगळ्यांचीच काळजी आहे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. पण जुने ट्रक धावताहेतच की!

तेव्हा ढाब्यावर उभ्या ट्रकशेजारी तुमची गाडी थांबली, तर बाबांना हळूच सांगा, ‘हॉर्न नको हं, आत कुणीतरी झोपलंय.’