नवी प्रणाली, जुनी हस्तलिखिते

संगणकाची कार्यप्रणाली बदलताना जुन्या फायली जशाच्या तशा राहतात, हा समज बहुतेक वेळा खरा ठरतो. पण या ‘बहुतेक’वर आयुष्यभराचे लेखन सोपवावे का, हा माझा प्रश्न आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नवी आवृत्ती खुली केली आणि आठवडा उलटण्याआत तिचे वितरण थांबवले. काहींनी ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर अन्यत्र हलवले होते, पण काही फायली मूळ जागीच होत्या. ते मूळ फोल्डर रिकामे धरून फायलींसकट पुसले गेले.

मराठी लेखकापुढे आणखी एक अडचण असते. श्रीलिपी, आकृती यांच्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठवले जातात ते बहुधा रोमन अक्षरांचेच संकेतांक. त्यांना देवनागरी आकार देतो तो फाँट. फाँट गेला, की फाईल शाबूत असूनही कविता निरर्थक चिन्हांची रांग होते. म्हणून फायलींबरोबर फाँटही जपावेत, मजकुराची युनिकोड प्रत करावी आणि फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफही ठेवावी.

प्रती किती? मी तीन-दोन-एक हा रूढ नियम पाळतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. क्लाउडशी नुसते जुळवून ठेवलेले फोल्डर मी यात धरत नाही. इथे पुसलेले तिथेही पुसले जाते. शेवटी बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून चार जुन्या फायली वाचून पाहाव्यात. त्या नीट वाचता आल्या, तरच प्रणाली बदलायला हात घालावा.