पाठलागावर चालणारी मोटार

लेखांक ५

यावल-रावेरकडच्या केळीच्या मळ्यात रात्री थ्री फेज लाइट येते. स्टार्टर खट् वाजतो, पाइपाच्या तोंडातून हवा फुत्कारते आणि मागोमाग पाणी येतं. हे पाणी उचलणारी मोटार बोअरमध्ये खोल बुडालेली असते. आज तिच्या पोटात डोकावू.

धुळ्यातल्या एका वायंडिंगच्या दुकानात मी उघडलेली सबमर्सिबल मोटार पाहिली. बाहेरच्या नळकांड्यात, म्हणजे स्टेटरमध्ये, तारांची वेटोळी होती आणि केबल त्यांनाच जोडलेली होती. शेजारी पडलेल्या रोटरला मात्र एकही तार नव्हती. चुंबकही नव्हतं. लोखंडाच्या दंडगोलात बसवलेल्या तांब्याच्या सळ्या आणि त्यांची टोकं जोडणारी दोन तांब्याची कडी, एवढंच. लोखंड बाजूला काढलं तर तांब्याचा पिंजरा उरेल. “रोटरचं काय जळणार? जळतं ते वायंडिंग,” दुकानातले दादा म्हणाले. पण पाणी उचलणारा पंप फिरवतो तो हा रोटरच. त्याला जोर येतो कुठून?

मागच्या लेखांकात आपण फॅरडेची 29 ऑगस्ट 1831 ची लोखंडी कडी पाहिली. एका बाजूच्या वेटोळ्यात प्रवाह सुरू किंवा बंद करताना दुसऱ्या बाजूची सुई हलायची, एरवी स्तब्ध. बंद वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं, तरच त्यात प्रवाह निर्माण होतो. क्षेत्र कितीही जोरदार असो, ते बदलत नसेल तर काहीच होत नाही. रोटरच्या पिंजऱ्यातल्या दोन सळ्या आणि त्यांना जोडणारे कड्यांचे तुकडे मिळून असंच एक बंद वेटोळं होतं. त्यातलं क्षेत्र बदलत ठेवायचं काम स्टेटर करतो.

स्टेटरमध्ये तीन फेजची तीन वायंडिंग गोलाकार अंतराअंतराने बसवलेली असतात. एका फेजचा प्रवाह शिगेला पोचल्यानंतर सेकंदाच्या दीडशेव्या भागात पुढच्या फेजचा शिगेला पोचतो, मग तिसऱ्याचा. त्यामुळे वायंडिंग जागची न हलता त्यांचं एकत्रित क्षेत्र गोल फिरतं, सेकंदाला 50 फेरे, मिनिटाला 3000. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रातल्या जनित्रात खरोखरचं विद्युतचुंबक याच वेगाने फिरत असतं आणि भोवतालच्या वेटोळ्यांत वीज निर्माण करतं. तिथली फिरकी तारांतून मळ्यापर्यंत येते आणि बोअरमध्ये, चुंबकाशिवाय, पुन्हा फिरू लागते. हे समजलं त्या दिवसापासून पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो.

आता रोटर. क्षेत्र त्याच्या सळ्यांवरून सरकतं, वेटोळ्यांत प्रवाह येतो. लेन्झने 1834 मध्ये सांगितलेला नियम असा, की हा प्रवाह आपल्याला जन्म देणाऱ्या बदलालाच विरोध करतो. बदल कमी करायचा तर सळ्यांनी क्षेत्राच्या मागे धावायला हवं. म्हणून रोटर फिरतो. पण तो क्षेत्राला कधीच गाठत नाही. गाठलं, तर त्याच्या दृष्टीने बदलच संपेल, प्रवाह थांबेल, जोरही जाईल. क्षेत्र 3000 फेरे घेत असताना रोटर समजा 2850 घेतो. मधली 150 फेऱ्यांची पिछाडी हीच त्याची शिदोरी. भार वाढला की तो आणखी थोडा मागे पडतो, प्रवाह वाढतो आणि जोरही वाढतो. तूरिनमध्ये फेरारीस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी फिरत्या क्षेत्राची ही युक्ती स्वतंत्रपणे शोधली. दोघांचंही काम 1888 मध्ये जगापुढे आलं.

मोटार का जळते, हेही यातूनच कळतं. एक फेज गेलेला असताना स्टार्टर दाबला, तर उरलेल्या दोन तारांतून येणारा प्रवाह एकच. त्याचं क्षेत्र फिरत नाही, एकाच रेषेवर मागेपुढे हेलकावतं. थांबलेल्या रोटरला कोणत्या दिशेने धावायचं हे ठरत नाही. मोटार नुसती घुमते. चालू मोटारीची पिछाडी सेकंदाला अडीच फेऱ्यांची, तर थांबलेल्या रोटरमधलं क्षेत्र सेकंदाला 50 वेळा बदलतं. पिंजऱ्यात प्रचंड प्रवाह वाहतो, तेवढाच ताण स्टेटरवर येतो आणि वायंडिंगचं इन्सुलेशन वितळतं. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार चालवली तर क्षेत्र फिरतं खरं, पण लंगडत.

व्होल्टेज पडलं की वेगळा घात होतो. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 415 व्होल्टऐवजी 300 मिळाले, तर जोर जवळजवळ निम्मा होतो. पाण्याचा भार मात्र तेवढाच असतो. रोटर मागे पडत जातो, प्रवाह वाढतो, मोटार तापते. म्हणून फेज गेल्यावर मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर आणि योग्य मापाचा ओव्हरलोड रिले यांवरचा खर्च वायंडिंगच्या एका बिलापुढे किरकोळ ठरतो. मोटारीची घुमघुम ऐकू आली, की आधी स्टार्टर बंद करावा. खाली रोटर जागचा हललेला नसतो आणि प्रत्येक सेकंदाला वायंडिंग तापत असतं.

पुढच्या आठवड्यात: मळ्याच्या बांधावरची डीपी. तिच्यात काहीच फिरत नाही, तरी व्होल्टेज कसं उतरतं?