पक्षाघातानंतरचे घर आणि मोबाइलवरील माहिती : पेडणे व डिचोलीच्या संदर्भात

पक्षाघाताचा रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून घरी परततो, काही काळ व्यायामोपचार घेतो आणि पुढील जबाबदारी कुटुंबावर येते. गोळ्या किती काळ घ्याव्यात, गिळताना ठसका लागल्यास काय करावे, शब्द सापडत नसल्यास संवाद कसा साधावा, हे प्रश्न याच काळात उभे राहतात. पेडणे वा डिचोलीतील आतल्या गावातून प्रत्येक वेळी बांबोळी गाठणे कठीण असते. अशा वेळी चित्रफिती, स्मरणसंदेश आणि २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारी केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा उपयोगी पडते.

या साधनांकडून नेमकी अपेक्षा काय ठेवावी? ‘स्प्रिंट इंडिया’ या अभ्यासात ३१ केंद्रांतील ४२९८ रुग्णांपैकी एका गटाला १२ भाषांतून संदेश, चित्रफिती व पुस्तिका देण्यात आल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात पुन्हा झटका येण्याचे वा मृत्यूचे प्रमाण त्यामुळे घटले नाही. मात्र औषधे नियमित घेणारे या गटात ९३.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ८९.८ टक्के होते. धूम्रपान व मद्य सोडणारेही या गटात अधिक होते. म्हणजेच माहिती सवयी सुधारते. तपासणी व उपचारांची जागा ती घेऊ शकत नाही.

दुसरा मुद्दा भाषेचा. १९६१ नंतर गोव्यात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्यामुळे आज साठी ओलांडलेले अनेकजण घरी कोकणी बोलतात, पण वाचतात मराठी. त्यांच्यासाठी ऐकण्याची माहिती कोकणीत आणि वाचण्याची मराठीत, मोठ्या अक्षरांत असणे योग्य. वाचाघात झालेल्यांना लहान वाक्ये व चित्रे अधिक सोयीची ठरतात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारण्यास शिकवावे : माहिती कोणत्या वैद्यकीय संस्थेची आहे? ती घरातील रुग्णाला समजते का? आज नेमके काय करावे, हे ती सांगते का? ‘गोळ्या बंद करा’ असे सांगणारा संदेश पुढे पाठवू नये.

चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे वा बोलणे अडखळणे अचानक दिसल्यास मात्र मोबाइलवर माहिती शोधत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.